विश्लेषण : पैसे मोजून घेतलेला व्हिडीओ गेम खरोखर तुमचा असतो का?

मोबाइलचा चार्जर आठवड्यात बिघडला, तर चारकोप मार्केटमधल्या दुकानदाराकडे बिल घेऊन जाता येते. पण काही हजार रुपये मोजून घेतलेला गेम मध्येच अडकू लागला, जाहिरातीत दिसला तसा निघाला नाही किंवा कंपनीने एके दिवशी सर्व्हरच बंद केला, तर जायचे कुणाकडे? बहुतेक जण मित्रांमध्ये राग व्यक्त करतात आणि विषय सोडून देतात. वास्तविक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ गेमच्या खरेदीलाही लागू होतो आणि चारकोपच्या रहिवाशाला तक्रारीसाठी पॅरिस किंवा अमेरिका गाठावी लागत नाही. मात्र ‘चांगला गेम’ कशाला म्हणायचे, याचे मानक भारतात नाही. शिवाय ‘खरेदी करा’ या बटणामागे नेमके काय विकले जाते, हे फार थोड्या लोकांनी वाचलेले असते.

पुणे-मुंबईतल्या ‘प्रिन्स’चे काय झाले?

या विषयातले सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट या कंपनीचा पुण्यात २००८पासून आणि मुंबईत २०१८पासून स्टुडिओ. १० सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅण्ड्स ऑफ टाइम’ या २००३च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली आणि ती पुणे व मुंबईचे स्टुडिओ तयार करत असल्याचे सांगितले. भारतीय गेमर मंडळींना अभिमान वाटावा अशीच ही बातमी होती. सायबर कॅफेच्या काळात हाच गेम खेळत मोठी झालेली एक पिढी आहे.

गेम २१ जानेवारी २०२१ला येणार होता, किंमत ४० डॉलरच्या आसपास होती आणि आगाऊ नोंदणीही सुरू झाली. पण पहिला ट्रेलर पाहून चाहते नाराज झाले. चेहरे, प्रकाशयोजना सगळे जुन्या पिढीच्या यंत्रावरचे वाटते, अशी टीका झाली. तारीख आधी १८ मार्चवर गेली, मग फेब्रुवारी २०२१मध्ये बेमुदत लांबली. मे २०२२मध्ये काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले. त्याच वर्षी परदेशात काही विक्रेत्यांनी ग्राहकांच्या जुन्या नोंदण्या रद्द केल्या. २०२४मध्ये ‘२०२६मध्ये येतोय’ अशी झलक दाखवली गेली आणि जानेवारी २०२६मध्ये कंपनीने आणखी पाच गेमसह हा प्रकल्पच गुंडाळला.

कच्चा गेम बाजारात न आणता थांबवणे हे एका परीने ग्राहकाच्या हिताचेच होते, हे मान्य करायला हवे. यात पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञांना दोष देण्यातही अर्थ नाही. वेळ, पैसा आणि माणसे किती द्यायची हे ते ठरवत नव्हते. प्रश्न वेगळा आहे. जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी ट्रेलर दाखवून ग्राहकाचे पैसे का घ्यायचे? फ्लॅटच्या बाबतीत असेच होऊ लागले तेव्हा रेरा आला. गेमच्या आगाऊ नोंदणीला असा कोणताही खास कायदा नाही. सर्वसाधारण ग्राहक कायद्यावरच भागवावे लागते.

मग गुणवत्ता तपासते कोण?

इथे एक गमतीची विसंगती आहे. गेम ज्यावर चालतो त्या यंत्राला भारतात मानक आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश केंद्राने २०१२मध्ये काढला, तेव्हा पहिल्याच यादीत व्हिडीओ गेमची यंत्रे होती. भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीशिवाय ती विकता येत नाहीत. पण ही तपासणी विजेचा धक्का, आग, तापणे अशा सुरक्षेच्या बाबींची. यंत्रात चालणारा गेम दहाव्या मिनिटाला बंद पडत असेल, तर त्याच्याशी ब्युरोचा संबंध नाही.

गेमची तपासणी करतात त्या यंत्रांच्या कंपन्या. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो आपापल्या दुकानात गेम घेण्यापूर्वी त्याला चाचण्यांतून जायला लावतात : गेम अचानक बंद पडतो का, खेळाची प्रगती नीट साठवली जाते का, कंट्रोलर निघाला तर काय होते वगैरे. हा व्यवस्थेचा भाग आहे, ग्राहकाला दिलेली हमी नव्हे. ती किती ताणली जाऊ शकते हे ‘सायबरपंक २०७७’ने दाखवले. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या प्लेस्टेशन ४वर आणि एक्सबॉक्स वनवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. विक्रीपूर्वी या यंत्रांवरचा खेळ समीक्षकांनाही दाखवलेला नव्हता. सोनीच्या दुकानात गेम परतला तो जून २०२१मध्ये. पुढे दुरुस्त्या होत तो नावाजलाही गेला, पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याने कच्च्या मालाची चाचणी स्वतःच्या खर्चाने करून दिली, हे त्याने बदलत नाही.

युरोपात याबाबत कायदा बराच पुढे आहे. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात डिजिटल मालासाठी स्वतंत्र प्रकरण आहे : माल समाधानकारक दर्जाचा, सांगितलेल्या कामाला योग्य आणि वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. युरोपीय संघाचा २०१९चा निर्देश १ जानेवारी २०२२पासून लागू झाला. त्यानुसार माल मिळाल्यावर पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो मुळात नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. भारतात सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो.

‘खरेदी’ की ‘भाडेपट्टा’?

मालकी आणि भाडेपट्टा यांतला फरक चारकोपकरांना समजावून सांगावा लागत नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे सेक्टर पाडले, तेव्हा छोटे भूखंड सहकारी संस्थांना भाडेपट्ट्यानेच दिले गेले. पण त्या पट्ट्याला करार होता, मुदत होती. गेमच्या परवान्याला मुदत किती, हे कुठेही लिहिलेले नसते.

युबिसॉफ्टचाच ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम २०१४मध्ये आला. एकट्याने खेळायचे तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती, त्यांच्या हातात फक्त प्लास्टिकची चकती उरली. कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी दावा लावला, तेव्हा कंपनीचा बचाव असा होता की, ग्राहकाला गेमची अमर्याद मालकी कधी विकलीच नव्हती. दिला होता तो वापराचा परवाना. कायद्याच्या भाषेत या म्हणण्यात तथ्य आहे. दुकानाच्या बटणावर मात्र ‘परवाना घ्या’ असे नसते, ‘खरेदी करा’ असेच असते.

याच खदखदीतून एप्रिल २०२४मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सर्व्हर कायम चालू ठेवा अशी तिची मागणी नाही. बंद करताना गेम कोणत्या तरी प्रकारे खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढेच तिचे म्हणणे. युरोपीय संघातील नागरिकांच्या याचिकेने जुलै २०२५मध्ये १० लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. दरम्यान कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल माल विकताना, परवानाच दिला जात असेल तर तसे ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. युबिसॉफ्टनेही ‘द क्रू’च्या पुढच्या दोन गेमना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचे २०२४मध्ये जाहीर केले. ओरड केल्याने फरक पडतो, तो असा.

भारतात हा अनुभव वेगळ्या वाटेने आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला तो भारतात पूर्ण थांबला. खेळाडूंनी कपडे, बंदुकीची नक्षी यांवर खर्च केलेले पैसे अधांतरी राहिले. जुलै २०२१मध्ये ‘बीजीएमआय’ आला, तेव्हा जुने खाते तिकडे हलवण्याची सोय मिळाली. तोही जुलै २०२२मध्ये दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३मध्ये परतला. सरकारी आदेशाने गेम थांबला, तर कंपनीची सेवेतील त्रुटी दाखवणे कठीण असते. कंपनीच्या अटींत अशा प्रसंगासाठी पळवाट आधीच असते.

भारतीय कायदा काय सांगतो?

पहिला प्रश्न : गेम ही ‘वस्तू’ आहे का? तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या विक्रीकराच्या खटल्यात २००४मध्ये दिला होता. २०१९च्या ग्राहक कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख केला. ऑनलाइन गेम चालवणे ही सेवा म्हणूनही पाहता येते. त्यामुळे वस्तूतील दोष असो की सेवेतील त्रुटी, गेम कायद्याच्या बाहेर राहत नाही.

याच कायद्यात फारसे कुणाला ठाऊक नसलेले एक कलम आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत पैसे परत मिळाले पाहिजेत. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत कामाची नाही, ती यामुळे.

ऑनलाइन दुकानांची स्वतःची धोरणे याहून आखडती असतात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस मिळतात, पण गेम एकदा डाउनलोड केला की ती सवलत संपते. दोषाचा अपवाद असतो. गूगल प्लेवर बहुतेक खरेदीला ४८ तास. साठ तासांच्या गेममधला दोष विसाव्या तासाला समोर आला तर? कंपनीचे धोरण तिथे संपते, कायदा संपत नाही.

एक अट मात्र महत्त्वाची. कायद्याने ‘ग्राहक’ ठरायला मोबदला दिलेला असावा लागतो. फुकट डाउनलोड केलेला, एक रुपयाही खर्च न केलेला गेम कितीही अडखळला तरी तक्रार टिकणे अवघड. त्याच फुकट गेममध्ये शंभर रुपयांचे ‘डायमंड’ घेतले आणि ते जमाच झाले नाहीत, तर तुम्ही ग्राहक. लॅमिंग्टन रोडवरून किंवा इन्स्टाग्रामवरून निम्म्या किमतीत ‘शेअर्ड अकाउंट’ घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. बिल नाही, खाते दुसऱ्याच्या नावावर आणि कंपनीच्या अटींचा भंग आधीच झालेला. ते खाते बंद झाले की दादही मागता येत नाही. डिस्कचे सीलबंद खोके घेताना त्यावर एमआरपी, आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला आहे ना, हे पाहावे; पॅकबंद आयात मालावर तो छापणे सक्तीचे आहे.

गेमिंग पार्लर चालवणाऱ्याने घेतलेला प्लेस्टेशन हा धंद्यासाठीचा माल म्हणून कायद्याबाहेर जाऊ शकतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल, तर मात्र कायद्याने सूट दिली आहे.

कंपनी परदेशी असेल तर?

ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाने स्टीमची मालक असलेल्या अमेरिकी व्हॅल्व कंपनीवर खटला भरला, तेव्हा कंपनीने ‘आमचा ऑस्ट्रेलियात व्यवसायच नाही’ असा पवित्रा घेतला होता. तेथील फेडरल न्यायालयाने २०१६मध्ये तो फेटाळला. सदोष गेमचे पैसे परत मिळण्याचा ग्राहकाचा हक्क कंपनीच्या अटींनी काढून घेता येत नाही, असे ठरवत ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

भारताच्या ई-कॉमर्स नियमांत (२०२०) हीच दिशा आहे. भारतात नोंदणी नसलेली, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा देणारी कंपनी नियमांच्या कक्षेत येते. स्टीमवर तर २०१५पासून किमती रुपयांत दिसतात. अशा दुकानांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचे, असे नियम सांगतात.

अटींमध्ये बहुधा ‘वाद लवादाकडेच न्यावा’ किंवा ‘अमुक देशाच्या न्यायालयातच जावे’ असे कलम असते. ते वाचून ग्राहक खचतो. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात डिसेंबर २०१८मध्ये स्पष्ट केले. २०१९च्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली : तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. चारकोपच्या रहिवाशासाठी तो मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग. आदेश मिळाल्यावर परदेशातल्या कंपनीकडून त्याची अंमलबजावणी करून घेणे हे वेगळे आणि कष्टाचे काम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भारतात कार्यालय किंवा पैसे स्वीकारणारी उपकंपनी असेल, तर तिलाही प्रतिवादी करावे ते याचसाठी.

मुलाने परस्पर पैसे उडवले तर?

ऑगस्ट २०२१मध्ये जोगेश्वरीतील १६ वर्षांच्या एका मुलाने आईच्या खात्यातले १० लाख रुपये मोबाइल गेमवर खर्च केले. आईवडील रागावल्यावर तो घर सोडून गेला आणि पोलिसांना महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. रक्कम एवढी मोठी नसली, तरी दोन-पाच हजारांचे असे प्रसंग अनेक घरांत घडतात आणि घरातच मिटवले जातात.

करार कायद्यानुसार अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच निरर्थक असतो. पण कंपनी म्हणते, खाते आणि कार्ड तर प्रौढ व्यक्तीचे होते. इथे कळीचा मुद्दा ठरतो तो पडद्याची रचना. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड केली, तेव्हा २४.५ कोटी डॉलर केवळ फसव्या बटणांपायी ग्राहकांना परत द्यायचे ठरले. गेम जागा होत असताना चुकून बटण दाबले गेले तरी पैसे कापले जात आणि तक्रार करणाऱ्याचे खातेच गोठवले जाई.

भारतात अशा फसव्या रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ प्रकार नोंदवले आहेत : खोटी घाई लावणे, शेवटच्या क्षणी किंमत वाढवणे, वर्गणीतून बाहेर पडू न देणे, सतत पिच्छा पुरवणे... ‘ऑफर संपायला फक्त ०९:५९ मिनिटे’ असे रोज नव्याने सुरू होणारे घड्याळ कोणत्या गेममध्ये पाहिले, हे वाचकाने आठवून पाहावे. नशिबाच्या पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकले जाणारे खोके, यांवर बेल्जियमने २०१८मध्ये जुगाराचा कायदा लावला. भारताच्या १३ प्रकारांत या पेट्यांचा स्वतंत्र उल्लेख नाही.

२०२५च्या कायद्याने हे प्रश्न सुटले का?

नाही. त्या वर्षी २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. ते पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना त्यात प्रोत्साहन आहे. पण पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम कसा असावा, तो किती वर्षे चालावा, याबद्दल हा कायदा बोलत नाही.

तक्रार नेमकी कशी करायची?

सुरुवात पुराव्यापासून करावी. बिलाचा ईमेल, पैसे गेल्याचा बँकेचा संदेश, दोष दिसणारे व्हिडीओ चित्रण आणि ज्या जाहिरातीवर विसंबून खरेदी केली तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. जाहिराती नंतर बदलल्या जातात, हे लक्षात असू द्यावे. आपल्या फोनची वा संगणकाची क्षमता गेमने मागितलेल्या किमान पातळीएवढी आहे, हेही दाखवता आले पाहिजे. कंपनीचा पहिला बचाव तोच असतो.

आधी दुकानाच्या धोरणानुसार पैसे परत मागावेत, मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. त्याने भागले नाही तर जिल्हा आयोग. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे तिथे चालतात आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार घरूनच दाखल होते, वकील लावण्याची सक्ती नाही. कराराची अटच अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल, तर मात्र जिल्हा आयोगाला अधिकार नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. मसुदा लिहिताना अडले तर १९७५पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शन मिळू शकते.

दीड-दोन हजारांच्या गेमसाठी हा खटाटोप करावा का, हा ज्याचा त्याचा हिशेब. मात्र एकाच दोषाने अनेक जण गांजले असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. त्यासाठी मुदत आहे ती तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.